नाण्यावर चालणारे शुद्ध पाण्याचे केंद्र : नाणे-यंत्राची जोडणी, पारख आणि हिशेब

ग्रामीण भागातील पिण्याच्या पाण्याचा प्रश्न हा केवळ पाणी उपलब्ध होण्याचा प्रश्न नसून ते योग्य दर्जाचे मिळण्याचाही प्रश्न आहे. भूगर्भातून उपसलेले पाणी दिसावयास स्वच्छ असले, तरी त्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड अथवा नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण दर लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ते फार तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकेल. या मर्यादेपेक्षा अधिक फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे ताठरतात.

हा धोका लक्षात घेऊन कर्नाटक शासनाच्या ग्रामीण विकास व पंचायत राज खात्याने २०१३ नंतरच्या काळात गावोगावी शुद्ध पाण्याची केंद्रे उभारण्याची मोहीम मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. २०१३ ते २०१८ या काळात श्री. एच. के. पाटील हे या खात्याचे मंत्री होते. या केंद्रांत सूक्ष्म पडद्यातून दाबाने पाणी गाळले जाते आणि गावकरी आपल्या घागरी किंवा वीस लिटरचे कॅन भरून नेतात. अशा अनेक केंद्रांवर पैसे घेण्यासाठी माणूस बसविलेला नसतो. भिंतीवरील फटीत नाणे टाकले की नळ आपोआप सुरू होतो आणि ठरलेले पाणी दिल्यावर बंद होतो.

हे काम दिसावयास सोपे आहे. परंतु नाणे आत गेले आणि पाणी आले नाही, किंवा निम्मी घागर भरून नळ बंद पडला, तर त्या घरचे पाच रुपये तर जातातच, शिवाय केंद्रावरील विश्वासही उडतो. अशी दोन-तीन घरे केंद्राकडे पाठ फिरवून पुन्हा जुन्या बोअरकडे वळली, तर केंद्र उभारण्यामागचा सारा हेतू विफल होतो. म्हणून नाणे-यंत्र कसे चालते, ते कसे जोडावे आणि त्यावर देखरेख कशी ठेवावी, याची माहिती ग्रामपंचायतीचे सदस्य, पंचायत विकास अधिकारी, शिक्षक व सर्वसामान्य गावकरी या सर्वांना असणे इष्ट आहे.

जुनी कल्पना, नवे रूप

नाण्याच्या मोबदल्यात पाणी देणारे यंत्र ही आजची कल्पना नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरॉन या यंत्रविद्याविशारदाने मंदिरातील तीर्थ देणाऱ्या एका यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. भाविकाने टाकलेले नाणे एका तरफेच्या टोकावरील ताटलीत पडे. नाण्याच्या भाराने तरफ कलंडून झडप उघडे आणि पाणी वाहू लागे. ताटली पुरेशी कलली की नाणे घसरून खाली जाई, तरफ पूर्वपदावर येई आणि पाणी थांबे.

भारतातही नाण्यावर चालणारी यंत्रे लोकांच्या परिचयाची आहेत. रेल्वेच्या फलाटावरील वजनाच्या यंत्रात नाणे टाकल्यावर वजन व भविष्य छापलेले जाड कागदाचे तिकीट बाहेर पडे. त्यानंतरच्या काळात पानपट्टीवर किंवा किराणा दुकानात टांगलेला, एक रुपयाच्या नाण्यावर चालणारा टेलिफोन घरोघरीच्या लोकांनी वापरला. १९७२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ‘पाँग’ या खेळाचे पहिले यंत्र एका मद्यगृहात ठेवण्यात आले. काही दिवसांतच ते बंद पडल्याची तक्रार आली. त्याचे रचनाकार अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी यंत्र उघडून पाहिले तेव्हा खेळाच्या भागात कोणताही बिघाड नव्हता. नाण्यांचे भांडे काठोकाठ भरून नाणी अडकली होती! नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात मुख्य यंत्राइतकीच नाणे घेणाऱ्या भागाची काळजी घ्यावी लागते, हा त्यातील बोध आजही तितकाच खरा आहे.

यंत्र नाणे कसे ओळखते?

माणूस नाण्यावरील अंक वाचून त्याचे मूल्य जाणतो. नाणे-यंत्रास अंक वाचता येत नाहीत; ते नाण्याचे केवळ शरीर तपासते. फटीतून आत आलेले नाणे एका उतरत्या खाचेतून घरंगळते. खाचेच्या दोन्ही बाजूंस तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी बसविलेली असतात आणि त्यांतून जलद गतीने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह खेळत असतो. त्यामुळे तेथे एक चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. नाणे त्या क्षेत्रातून जाताना त्याच्या धातूत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात व वेटोळ्यातील मूळ प्रवाहात फरक पडतो. नाण्याचा धातू, व्यास आणि जाडी यांनुसार हा फरक वेगवेगळा असतो. काही यंत्रांत याच्या जोडीला प्रकाशकिरण अडविला जाण्याच्या वेळेवरूनही व्यासाचा अंदाज घेतला जातो.

यंत्रातील सूक्ष्म नियंत्रक हा फरक आपल्या स्मरणात साठविलेल्या मापांशी ताडून पाहतो. माप जुळल्यास एक छोटा विद्युतचुंबक आतील फाटक सरकवितो आणि नाणे पेटीत पडते. न जुळल्यास फाटक जागचे हलत नाही आणि नाणे परतीच्या वाटेने खालच्या कप्प्यात येते. वीज नसताना फाटक हलू शकत नसल्यामुळे सुस्थितीतील यंत्र प्रत्येक नाणे परत करते. ही व्यवस्था ग्राहकाच्या हिताची असून, परतीचा कप्पा मोकळा ठेवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. त्यात कागद, खडे अथवा चिंध्या अडकल्यास नाणे ना पेटीत जाते, ना मालकाच्या हाती येते.

नाणे ओळखण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत एक नमुन्याचे नाणे यंत्रातच कायम बसविलेले असते आणि आत येणाऱ्या प्रत्येक नाण्याची त्याच्याशी तुलना होते. अशा यंत्रात एकाच प्रकारचे नाणे चालते. दुसऱ्या पद्धतीत यंत्रास निरनिराळ्या प्रकारची नाणी ‘शिकवून’ त्यांची मापे स्मरणात साठविता येतात. शुद्ध पाण्याच्या केंद्रासाठी ही दुसरी पद्धत अधिक सोयीची आहे. त्याचे कारण भारतीय नाण्यांच्या विविधतेत आहे.

एकच मूल्य, अनेक रूपे

आज चलनात असलेली नाणी एका वेळी पाडलेली नाहीत. १९९२ पासून पुढे अनेक वर्षे पाडलेला पोलादी रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ च्या मालिकेत रुपयाचे नाणे लहान करून २२ मिलिमीटरचे करण्यात आले. त्याच मालिकेतील दोन रुपयांचे नाणे मात्र २५ मिलिमीटर व्यासाचे, ४.८५ ग्रॅम वजनाचे आणि पोलादाचेच आहे. म्हणजे जुना रुपया आणि २०११ च्या मालिकेतील दोन रुपये यांचे धातू, व्यास व वजन एकच! माणसाला त्यांवरील अंक दिसतो. यंत्राच्या दृष्टीने ती दोन्ही एकच नाणी होत.

समजा, एखाद्या पंचायतीने दोन रुपयांच्या नाण्यावर पाणी देण्याचे ठरविले. जुना रुपया टाकणाऱ्यास यंत्र दोन रुपयांचे पाणी देईल व पंचायतीचे नुकसान होईल. उलट, तेच माप ‘एक रुपया’ म्हणून शिकविल्यास दोन रुपये टाकणाऱ्या गरीब माणसास एकाच रुपयाचे पाणी मिळेल. यंत्राची कितीही काळजीपूर्वक जोडणी केली तरी हा दोष नाहीसा होणार नाही. याचा अर्थ असा की, तारा जोडण्यापूर्वी कोणत्या नाण्यावर केंद्र चालवावयाचे हा निर्णय विचारपूर्वक घेतला पाहिजे.

पाच रुपयांचे नाणे या दृष्टीने बरे. तथापि तेही एकरूप नाही. १९९२ पासूनचे जाड पाच रुपये तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे, २३ मिलिमीटर व्यासाचे आणि ९ ग्रॅम वजनाचे आहेत. २००७ च्या सुमाराचे पाच रुपये पोलादाचे, त्याच व्यासाचे परंतु ६ ग्रॅमचे आहेत. त्यानंतरचे पिवळसर नाणे निकेल-पितळेचे, २३ मिलिमीटर व ६ ग्रॅमचे आहे. मार्च २०१९ मध्ये प्रकाशित झालेल्या मालिकेतील पाच रुपये २५ मिलिमीटर व्यासाचे व ६.७४ ग्रॅमचे आहेत. याच मालिकेतील दोन रुपयांचे नाणे २३ मिलिमीटरचे व पोलादाचे असल्यामुळे ते २००७ च्या पोलादी पाच रुपयांशी व्यास आणि धातू या दोन्ही बाबतींत जुळते. फरक राहतो तो केवळ जाडीचा व वजनाचा. यंत्राची पारख ढिली ठेवल्यास दोन रुपये पाच रुपये म्हणून खपण्याचा संभव येथे असतो.

अफझलपूर तालुक्यातील करजगीसारख्या सीमेवरील गावी ही बाब विशेष लक्षात घ्यावी लागेल. एका बाजूस कलबुर्गी जिल्ह्याच्या बाजारपेठा आणि दुसऱ्या बाजूस सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट, अशी येथील लोकांची नित्य ये-जा असते. याच तालुक्यातील श्रीक्षेत्र गाणगापूर येथे दत्तदर्शनासाठी महाराष्ट्रातून भाविक सतत येत असतात. अशा भागात सर्व मालिकांची नाणी एकाच वेळी लोकांच्या बटव्यात सापडणार, हे गृहीत धरूनच यंत्र तयार केले पाहिजे.

यंत्रास नाणी शिकविणे

नाणी शिकविण्याचे काम यंत्र भिंतीत बसविण्यापूर्वी, टेबलावर शांतपणे करावे. बहुतेक यंत्रांत चार गोष्टी ठरवून द्याव्या लागतात : नाण्यांचे प्रकार किती, प्रत्येक प्रकारची किती नमुना-नाणी टाकली जाणार, प्रत्येक नाण्यामागे किती संकेत द्यावयाचे, आणि माप किती काटेकोरपणे जुळले पाहिजे. वर सांगितलेली पाच रुपयांची चारही रूपे चार स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवावीत. सर्व रूपे मिसळून एकच प्रकार म्हणून शिकविल्यास यंत्राची पारख ढिली पडते व भलतीच नाणीही स्वीकारली जातात.

प्रत्येक प्रकारासाठी पंधरा-वीस नमुना-नाणी घ्यावीत आणि ती सर्व नवी कोरी नसावीत. हातोहाती फिरून झिजलेली, काळवंडलेली नाणीही त्यांत असावीत. कारण गावकरी प्रत्यक्षात हीच नाणी आणणार आहेत. शिकवणी पूर्ण झाल्यावर चाचणी घ्यावी. प्रत्येक प्रकारची दहा चालणारी नाणी टाकून ती सर्व स्वीकारली जातात की नाही हे पाहावे. तसेच न चालणारी, विशेषतः २०१९ च्या मालिकेतील दोन रुपयांची, दहा नाणी टाकून ती सर्व परत येतात की नाही हे पाहावे. पोलादी पाच रुपये व हे दोन रुपये यांत यंत्र खात्रीने फरक करू शकत नसेल, तर पोलादी पाच रुपये यंत्राच्या यादीतून वगळून ते बदलून देण्याची सोय करणे अधिक श्रेयस्कर होय.

चुंबकाचा उपयोगही येथे समजून घेण्याजोगा आहे. जुन्या विदेशी यंत्रांत लोखंडाच्या खोट्या चकत्या पकडण्यासाठी चुंबक बसविलेला असे. भारतात मात्र पोलादी नाणी स्वतःच चुंबकाकडे ओढली जातात. त्यामुळे ‘चुंबकास चिकटले ते खोटे’ हा नियम आपल्याकडे लागू पडत नाही.

तीन तारांची जोडणी

नाणे-यंत्रातून साधारणतः तीन महत्त्वाच्या तारा निघतात. एक १२ व्होल्टचा एकदिश विद्युतपुरवठा घेणारी, दुसरी ऋण बाजूची आणि तिसरी संकेताची. पुष्कळ यंत्रांत त्या अनुक्रमे लाल, काळ्या व पांढऱ्या रंगाच्या असतात. परंतु रंगावर विसंबून न राहता यंत्रासोबतचे माहितीपत्रक पाहून व मल्टीमीटरने तपासूनच जोडणी करावी.

नाणे स्वीकारले गेले की संकेताची तार क्षणभर ऋण बाजूस जोडली जाते. हा क्षण सेकंदाच्या विसाव्या किंवा दहाव्या भागाएवढा असतो. त्यास ‘स्पंद’ म्हणतात. पाण्याचे केंद्र चालविणारा कंट्रोल बोर्ड असे स्पंद मोजतो आणि त्यानुसार व्हॉल्व्ह उघडतो. नाणे-यंत्र आणि कंट्रोल बोर्ड यांच्यातील सारा व्यवहार या एका स्पंदावर चालतो.

जोडणी करताना पुढील गोष्टींची दक्षता घेणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट, नाणे-यंत्र व कंट्रोल बोर्ड यांची ऋण बाजू एकमेकींस जोडलेली असावी. ती जोडलेली नसल्यास संकेतास परतीचा मार्गच मिळत नाही आणि बोर्डास नाणे पडल्याचे कळत नाही. नवख्या जोडणीत सर्वांत अधिक आढळणारा दोष हाच होय.

दुसरी गोष्ट, संकेताची तार स्पंद नसताना अधांतरी राहता कामा नये. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या बाजूकडून दहा हजार ओहमच्या रोधकामार्गे तिला स्थिर ठेवावे. अन्यथा नाणे न पडताही बोर्डास स्पंदाचा भास होतो.

तिसरी गोष्ट, १२ व्होल्टचा दाब बोर्डाच्या ५ व्होल्टच्या भागात शिरू देऊ नये. दोहोंच्या मध्ये ‘ऑप्टोकप्लर’ नावाचा छोटा भाग बसविल्यास संकेत प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो व वीज जात नाही. अशी विलग जोडणी केल्यास दोन्हीकडील ऋण बाजू एकत्र करण्याची गरज उरत नाही.

चौथी गोष्ट, पंपाची मोटर सुरू होताना होणारा विजेचा झटका संकेताच्या तारेत उतरू नये. याकरिता ही तार आखूड ठेवावी, मोटरच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेऊ नये आणि एकदिश विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या वेटोळ्यावर उलट दिशेने डायोड बसवावा. अत्यंत अल्पकाळाचे स्पंद बोर्डाने नाकारावेत, अशीही योजना असावी. तसे न केल्यास पंप सुरू होताच कोणी नाणे न टाकता नळ वाहू लागल्याचे दृश्य दिसते.

पाचवी गोष्ट, केंद्रात एकाच मूल्याचे नाणे चालणार असेल, तर त्या नाण्याच्या प्रत्येक रूपामागे एकच स्पंद ठेवावा. पाच रुपयांसाठी पाच स्पंद ठेवल्यास एखादा स्पंद हुकून ग्राहकाच्या खात्यावर चारच रुपये जमा होण्याचा संभव असतो.

शाळेतील संगणकावर प्रयोग

हे सारे तत्त्व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविण्याचा एक सोपा व रंजक मार्ग शिक्षकांना उपलब्ध आहे. घरगुती संगणकावर जुने खेळ खेळण्यासाठी हौशी मंडळी लाकडी पेटीत पडदा, कळा व नाणे-यंत्र बसवितात. तेथेही नाणे-यंत्र हेच आणि स्पंदही हाच. फरक एवढाच की, संकेताची तार कंट्रोल बोर्डाऐवजी एका छोट्या पट्टीस जोडली जाते आणि ही पट्टी संगणकास कळफलकावरील कळ दाबल्याचा भास करून देते. १९९७ पासून प्रचलित असलेल्या ‘मेम’ या प्रणालीत ५ या अंकाची कळ म्हणजे नाणे पडले आणि १ या अंकाची कळ म्हणजे खेळ सुरू, असा संकेत ठरलेला आहे.

या प्रयोगात दोन अनुभव हमखास येतात. नाणे-यंत्रावरील खटका ‘नेहमी बंद’ या बाजूस राहिल्यास संगणकास ती कळ सतत दाबलेली वाटते व नवे नाणे कळत नाही. तो ‘नेहमी उघडा’ या बाजूस ठेवावा लागतो. तसेच स्पंद फारच आखूड ठेवल्यास संगणक सेकंदास सुमारे साठ वेळा कळा तपासत असूनही दोन तपासण्यांच्या मधल्या वेळेत तो निसटून जातो. स्पंदाची लांबी वाढविताच दोष दूर होतो. संगणकास ५ व्होल्टपेक्षा अधिक दाब सोसत नसल्यामुळे १२ व्होल्टची तार त्यास कदापि लागू देऊ नये आणि प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावा.

ज्या शाळेत असे साहित्य नाही तेथेही अभ्यास अडत नाही. विद्यार्थ्यांनी घरून निरनिराळ्या मालिकांची नाणी आणावीत, पट्टीने व्यास मोजावा, चुंबक लावून पाहावे आणि किराणा दुकानातील काट्यावर प्रत्येकी दहा नाण्यांचे वजन करावे. कोणती दोन नाणी यंत्रास सारखी वाटतील हे मुलांनी स्वतः शोधून काढले, तर त्यांनी मापनाचा पाठ घेतलाच, शिवाय गावातील केंद्रासाठी उपयुक्त असा तक्ताही तयार झाला, असे होईल.

नाणे पडले, पाणी किती?

नाण्याची पारख बिनचूक झाली तरी पाण्याचे माप चुकीचे असेल तर ग्राहकाची फसवणूक टळत नाही. काही केंद्रांत व्हॉल्व्ह ठरावीक सेकंद उघडा राहतो. टाकी भरलेली असता तेवढ्या वेळात वीस लिटर पाणी येईल. टाकी अर्धी असता दाब घटून पंधरा-सोळा लिटरच येईल. म्हणून वेळेऐवजी प्रवाहमापकावर चालणारी व्यवस्था अधिक न्याय्य आहे. या मापकात पाण्याच्या प्रवाहाने एक छोटे चक्र फिरते आणि त्याच्या फेऱ्यांनुसार स्पंद मिळतात. दर लिटरला सुमारे ४५० स्पंद देणारा मापक असेल, तर ९,००० स्पंद होताच वीस लिटर पाणी दिले गेले असे बोर्ड समजतो. हे माप खरे आहे की नाही, हे माप ठाऊक असलेल्या कॅनने अधूनमधून पडताळून पाहावे.

ग्रामीण भागात वीज मध्येच जाणे हा नेहमीचा अनुभव आहे. घागरीत आठ लिटर पाणी आले असता वीज गेली, तर उरलेले बारा लिटर कोणाचे? बोर्डाने उरलेल्या पाण्याची नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मरणात ठेवली पाहिजे आणि वीज आल्यावर बटण दाबताच ते दिले पाहिजे. बोर्ड विकत घेताना ही सोय आहे की नाही, हा प्रश्न पंचायतीने आवर्जून विचारावा व नाणे टाकून, मुद्दाम वीज बंद करून तो तपासावा.

पेटीचा हिशेब

नाणे-यंत्राचा आणखी एक लाभ असा की, ते स्वतःच हिशेबाचे साधन होऊ शकते. संकेताच्या जोडीला मोजणी-यंत्र बसविल्यास आजवर किती नाणी स्वीकारली गेली हा आकडा पुसता न येण्याजोग्या रीतीने दिसत राहतो. पेटी उघडताना तीन आकडे समोरासमोर मांडावेत : मोजणी-यंत्रावरील नाणी, पेटीतील प्रत्यक्ष नाणी आणि प्रवाहमापकावरील पाणी.

समजा, दर वीस लिटरला पाच रुपये असून मोजणी-यंत्र १०० नाणी दाखविते. पेटीत ५०० रुपये आणि मापकावर २,००० लिटर असावयास हवेत. रक्कम कमी भरली तर पेटीच्या किल्लीची चौकशी करावी लागेल. रक्कम बरोबर असून पाणी २,३०० लिटर गेले असेल तर व्हॉल्व्ह गळत आहे किंवा खोटे स्पंद येत आहेत, असे समजावे. पाणी १,७०० लिटरच गेले असेल तर मात्र गावकऱ्यांना त्यांच्या पैशांच्या मानाने कमी पाणी मिळाले आहे, आणि ही बाब पहिल्या दोहोंइतकीच गंभीर मानली पाहिजे. पेटी दोघांच्या समक्ष उघडून तिन्ही आकडे केंद्राच्या भिंतीवरील फळ्यावर लिहिण्याची प्रथा पाडल्यास शंकेस जागा उरत नाही. पेटी काठोकाठ भरण्यापूर्वीच रिकामी करावी, हे ‘पाँग’च्या हकिकतीवरून स्पष्टच आहे.

फलक आणि लोकांचे सहकार्य

आज मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे, आणि काही केंद्रांत त्यासाठी कार्डेही दिली जातात. तरीही ज्या वृद्धेकडे मोबाइल नाही, जो मजूर गावात हंगामापुरताच आला आहे, किंवा जे मूल आईच्या सांगण्यावरून पाणी भरावयास आले आहे, त्यांच्यासाठी नाण्याची फट हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे. हा मार्ग बंद न करता तो चोख ठेवणे हे पंचायतीचे कर्तव्य ठरते.

सीमाभागातील गावांत कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषांत सूचनाफलक असावा. त्यावर चालणाऱ्या प्रत्येक नाण्याचे प्रत्यक्ष आकाराचे चित्र दिल्यास अक्षरओळख नसलेल्यासही अडचण पडणार नाही. नाणे परत आले म्हणजे ते खोटे आहे असे नव्हे, हेही फलकावर स्पष्ट लिहावे. दहा रुपयांच्या नाण्याबाबत अशाच गैरसमजुती पसरल्या असता, चौदा निरनिराळ्या नक्ष्यांची ही सर्व नाणी वैध असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये केला होता. यंत्रात न चालणारे परंतु वैध असलेले नाणे बदलून देण्यासाठी केंद्राच्या देखभाल करणाऱ्याकडे थोडी सुटी नाणी ठेवावीत आणि तक्रार नोंदविण्याची वही तेथेच टांगावी.

नाणे-यंत्राच्या तारा जोडण्यास कुशल कारागिरास एक दुपार पुरते. त्याआधी योग्य नाण्याची निवड करणे, झिजलेल्या नाण्यांसह यंत्राची कसोटी घेणे, कॅनने माप पडताळणे आणि दर आठवड्यास फळ्यावर आकडे लिहिणे ही कामे मात्र गावानेच करावयाची आहेत. पाच रुपये टाकणाऱ्या प्रत्येकास वीस लिटर शुद्ध पाणी मिळेल याची हमी यंत्र बसविणारी कंपनी देऊ शकत नाही. ती हमी ग्रामपंचायत, शिक्षक आणि गावकरी यांच्या नियमित देखरेखीतूनच निर्माण होते. करजगीसारख्या गावी असे केंद्र उभारताना, किंवा असलेल्या केंद्राची दुरुस्ती करताना, यातील प्रत्येक बाब पंचायतीच्या बैठकीत चर्चेस घेतली गेली, तर शुद्ध पाणी प्रत्येक घरापर्यंत पोहोचविण्याचे कार्य अधिक दृढ होईल.